उंची बघून लिहिलेलं वय

बाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आता तुम्ही ओरडणार नाही, म्हणून बोलते.

बालगृहात मला आणलं त्या दिवशी तुम्ही शाळेचं रजिस्टर उघडून बसला होतात. माझी जन्मतारीख कोणालाच माहीत नव्हती. तुम्ही मला दाराच्या चौकटीला उभं केलंत, उंची बघितलीत आणि लिहिलंत: एक जून, वय सात. बसवलंत पहिलीत. त्या दिवाळीत माझा पुढचा दुधाचा दात पडला. तो तुम्ही मला स्वयंपाकघराच्या कौलांवर फेकायला लावलात आणि हसलात. "अगं, आत्ता पडतोय? म्हणजे तू सहाचीच असशील. जाऊ दे, रजिस्टरमध्ये गेलं ते गेलं." मग माझ्या हातावर करंजी ठेवलीत. मी खूश.

ते जास्तीचं एक वर्ष मला २०१४च्या एक जूनला नडलं. अकरावी सायन्सचा निकाल लागून महिनाही झाला नव्हता. अधीक्षक म्हणाले, "अठरा झाली. आता इथं ठेवता येत नाही."

"सर, बारावी तरी होऊ द्या."

"मी काय करू? तारीख तुझी, नियम सरकारचा."

डहाणूला एका हॉस्टेलवर गेले तर क्लार्कनं फॉर्म परत सरकवला. पालकांची सही कुठाय? शेवटी घोलवडला चिकूच्या पॅकिंगला लागले, कारण तिथं राहायला खोली होती. मुकादमीण पहिल्याच दिवशी खेकसली, "मोठा दिसला म्हणजे तयार नाय होत. नखानी साल खरवडून बघ, हिरवा निघाला तर बाजूला टाक." तेव्हा मला तुमचा इतका राग आला, बाई, की हातातला चिकू मी भिंतीवर मारला. तुम्हाला कळलं होतं. एक रेघ मारून साताचे सहा करायला काय लागलं असतं? माझ्या बाकावरची मुलगीही त्याच वर्षी अठराची झाली. तिच्या आईनं तिला घराबाहेर काढलं नाही.

बारावी मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून केली, आर्ट्सला, दुसऱ्या खेपेला. सायन्स बाहेरून देता येत नाही. मला बी.एस्सी. नर्सिंग करायचं होतं, ते तिथंच राहिलं. पाच वर्षं झाली, अजून चिकू खरवडतेय.

हे पत्र कुठं टाकणार? पण एक कबूल करते. काल एक जून होता. मी खोलीत वाटीभर शिरा केला आणि एकटीनं खाल्ला. दरवर्षी करते. तारीख खोटी आहे, पण मला दुसरी कोणी दिलेलीच नाही.