फुंकर मारून म्हणायचं गाव

आई, सासूबाई असलात तरी तुम्हाला मी आईच म्हणायचे. हे मराठीत लिहितेय, जे तुम्हाला कधीच वाचता आलं नसतं. म्हणून तर हिंमत होतेय. माझी पाचावर धारण बसली आहे. तुमच्या मुलाचे हात थरथरायला लागलेत. वेल्समधल्या तुमच्या एका लांबच्या नातेवाइकाने कळवलंय की घराण्याच्या त्यांच्या गावच्या शाखेत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. आधी हात जातात, मग माणसं ओळखू येत नाहीत. तुमचे आजोबा त्याच गावचे का, एवढंच शोधायचंय. "गाव जुळलं तरच ब्लड टेस्ट करीन," हा म्हणतो, "उगाच कशाला पॅनिक व्हायचं?" आमच्या लेकीला, तुमच्या नातीला, दिवस गेलेत. तीही वाट बघतेय.

इथे अमेरिकेत, रेडमंडच्या याच स्वयंपाकघरात आपण तुमच्या घराण्याचे जुने कागद लावत बसायचो. तुमची माणसं वेल्सहून येऊन पेनसिल्व्हेनियातल्या ज्या खाणीच्या गावात राहिली, तिथला पाद्री त्यांच्या मूळ गावांची नावं कानाला येतील तशी लिहायचा. वेल्समधल्या लानेली गावाचं त्याने 'थलानथली' करून ठेवलं होतं. मी ते देवनागरीत उतरवून मोठ्याने वाचायचे. "जीभ 'ल'वर ठेव आणि फुंकर मार," तुम्ही सांगायचात, आणि मी टेबलभर थुंकी उडवली की हसून हसून तुमच्या डोळ्यांत पाणी यायचं. तुम्ही शालीत हात गुंडाळून नुसत्या ऐकत बसलेल्या. लिहायचं मी, पानं उलटायची मी. बाहेर पावसाची रिपरिप चाललेली. मला वाटायचं, तुम्हाला थंडी वाजतेय. शेवटी तुमच्या आजोबांची नोंद आली. मी तोंड उघडते न उघडते तोच तुम्ही म्हणालात, "राहू दे ते. ओव्हनमध्ये ब्रेड आहे, जळेल." ओव्हन थंडगार होता. त्याच हिवाळ्यात तुम्ही न्यूमोनियाने गेलात.

आज ती नोंद काढली. देवनागरीत उतरवली आणि ओठ न हलवता वाचली. तेच गाव आहे, आई. तुम्ही शालीत काय लपवत होतात ते आत्ता कळलं. आधी तुमचा संताप आला, मग तुमच्यासाठी रडू आलं. एकट्याने कसं सोसलंत? तेवढ्यात हा कॉफीचा मग दोन्ही हातांनी धरून आला आणि त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "गाव सापडला?"

मी कागद पालथा घातला. म्हटलं, "नाही रे अजून. थांब, ओव्हनमध्ये काहीतरी आहे, बघून येते."

ओव्हन आजही थंडच होता.