बाजूला ठेवलेले खडे

प्रिय शमीमआपा,

आज तुमची सुपारीची पत्र्याची डबी उघडली, म्हणून लिहायला बसले. राजारामपुरीतल्या प्रयोगशाळेतलं तुमचं टेबल आवरायचं काम माझ्याकडंच आलं. दुसरं कोण करणार होतं? डबीत सुपारी नव्हतीच, आपले न पटलेले खडे होते.

सकाळी धरणावर गेले होते. मासेमारांचे पुढारी बंडूतात्या होडीतून उतरलेच नाहीत. जाळ्यात बोटभर मासळी होती, मोठा खडस मासा एकही नव्हता. म्हणाले, "मॅडम, खडस लवकर वाढतोय, धरा म्हणून तुमीच सांगितलासा की. मग पिल्लं कुठं गेली त्येंची?" मी तशीच परत आले आणि तुमचं टेबल आवरायला घेतलं.

आठवतं, आपा? माशाच्या कानातला तांदळाच्या कणीएवढा खडा घासायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि वर्षाला एक याप्रमाणे त्यावरची कडी मोजायची. आधी तुम्ही, मग मी. एकमेकींना न सांगता आकडा लिहायचा. जुळला तर माशाचं वय ठरलं. नाही जुळला तर तुम्ही म्हणायचा, "पटत न्हाय न्हवं? मग ठेव बाजूला." नियम तुमचाच. मला तो किती प्रामाणिक वाटायचा!

आज ते बाजूला ठेवलेले खडे आणखी पातळ घासून पाहिले. सगळे म्हाताऱ्या खडसांचे निघाले. वय झालं की वाढ मंदावते आणि कडी काठाला दाटीनं बसतात. तिथंच आपलं जमायचं नाही. म्हातारे मासे असे मोजणीतून गळले, आणि उरलेल्यांवरून आपण कळवलं की इथला खडस भराभर वाढतो, धरला तरी लवकर भरून निघेल. अंडी घालणाऱ्या माद्या त्या म्हाताऱ्यांतच होत्या हो! त्या जाळ्यात गेल्या.

आणि तुमचा आकडा नेहमी माझ्यापेक्षा मोठा असायचा. तुम्हाला काठावरची कडी दिसत होती. मग भांडला का नाहीत? शाहूपुरीत दोन लिंबांवरून दुकानदाराला घाम फोडणारी बाई तुम्ही. माझ्यापुढं मात्र म्हणालात, "माझं डोळं मोतीबिंदूचं, एकाची दोन दिसत असतील. तुझी नजर तरणी हाय." आणि गप्प बसलात. या गोष्टीचा मला फार राग येतो, आपा. तुम्ही गेलात तरी तो जात नाही.

उद्या धरणावर बैठक आहे. डबी घेऊन जाणार आहे. खडे बंडूतात्यांच्या तळहातावर ठेवीन, आकडे तुमचे सांगेन आणि जाळी बंद ठेवा म्हणून हात जोडेन. त्यांच्या चुली कशावर पेटायच्या, हे ते विचारतील. तरी सांगेन. आणि यापुढं शेजारी कुणीही बसलं आणि आकडा जुळला नाही, तर खडा बाजूला ठेवणार नाही. तिथंच बसून भांडेन, हा माझा शब्द.

फक्त भांडायला एखादा म्हातारा खडस त्या पाण्यात उरलेला असू दे.

तुमच्या टेबलाशेजारची,
सुजाता