ढोलातला पंजा

१२ जानेवारी २०१७, गुरुवार

ढोलाच्या आतल्या थरात हाताचा पंजा सापडला. लोकेशने दुजोरा दिला — कंपनीत तयार भाग तपासायचं काम त्याचंच, यंत्रही त्यानेच फिरवलं. मोबाइलवर चित्र पाठवलं आणि लगेच फोन. ‘‘ताई, माझं नाव नका टाकू हं!’’

बातमीत हे चार ओळींत बसवावं लागेल, म्हणून आधी इथे. ही कंपनी मोठाले धातूचे भाग बनवते, पण भट्टी नाही. धातूची पावडर गॅसच्या झोतात आवाजाहून वेगाने मारायची; ती न वितळताच चिकटते. थरावर थर. कामगार त्याला ‘थंडा फवारा’ म्हणतात. सध्याचा भाग खोलीएवढा, आतून पोकळ — म्हणून ढोल. घामाचा, तेलकट हात लागला की तिथे पावडर धरत नाही. वर कितीही थर चढवा, खाली तेवढी जागा सुटी राहते. डोळ्यांना नाही, यंत्राला दिसते.

पाच बोटं.

आत उघडा हात लावायला मनाई आहे. आणि डिसेंबरात कामठ्याचा देवीदास मेश्राम तिथे कामावर असताना गेला. कंपनी म्हणते, हृदय बंद पडलं, ढोलाबाहेर पडलेला सापडला. आत गेलाच नव्हता. त्याला उचलून नेणाऱ्या दोघा कामगारांचेही तेच जबाब. दुसऱ्या दिवशी फवारा पुन्हा सुरू.

नागपूरहून संपादक : ‘‘भुताची बातमी आहे की कारखान्याची, आधी ठरवा.’’ हसले. मीही हसले.

१३ जानेवारी

स्टीलचा डबा उचलला, बोटं उमटली. पुसली. पुन्हा उमटली!

१५ जानेवारी, रविवार

कामठ्याला गेले. देवीदासची बायको ललिता अंगणात तूर झोडपत होती. थांबली नाही.

‘‘पेपरवाल्या ना तुमी? मंग लिवा. मले सांगून राहिले का तो अंदर गेलाच नाई. मंग त्याच्या केसाईत ते चमचम काऊन होतं? आंगोळ घालतानी पाह्यलं म्या.’’

चित्र दाखवावं की नाही, रस्ताभर ठरत नव्हतं. दाखवलं. तिने हात पदराला पुसला आणि मोबाइलवर ठेवला. चित्राहून तिचा हात मोठा. मग चित्राकडेच बघत राहिली.

‘‘त्याचाच हाय.’’

‘‘कशावरून?’’

‘‘करंगळी पाहा ना. वाकडी. धान चुरतानी मोडली होती.’’

वरून बिरसीच्या धावपट्टीचं शिकाऊ विमान गेलं. ते गेल्यावर हळूच म्हणाली, ‘‘थंडा फवारा मनत होता. म्या मनलं, थंडा हाय तं बरं हाय, भट्टीत तं नाई.’’ आणि फाटकापाशी, ‘‘ताई, एकच सांगा. त्याले तरास झाला का?’’

फुलचूरला घरी येईपर्यंत तोच प्रश्न.

१७ जानेवारी

बातमी आली. पान तीन. दुपारी मॅनेजरांनीच बोलावलं. चहा, काजू.

‘‘मॅडम, आप तो समझदार हैं।’’ आता कंपनी मानते — देवीदास आत होता. पण ‘‘खुद गया था. किसीने भेजा नहीं. ढोल का मुँह खुला था, बाहर आ सकता था.’’ त्या दोघांनी ओढून बाहेर काढला म्हणे. मग आधी खोटं का? ‘‘डर गए थे बेचारे.’’

निघताना ढोल पाहिला. आत डोकावले. माझाच श्वास मोठा होऊन परत आला. हात पाठीमागे धरून उभी राहिले, शाळेतल्या पोरीसारखी.

१८ जानेवारी

लोकेशला विचारलं, ललिताचाच प्रश्न. म्हणाला, फवाऱ्याचा गॅस म्हणजे नायट्रोजन. वास नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही. ‘‘माणूस बसल्या बसल्या झोपतो, ताई. कळतपण नाही.’’

ललिताला फोन केला. तेच सांगितलं. त्रास झाला नाही, झोप लागल्यासारखं. मग रडली — मी ऐकलं ते पहिल्यांदाच. ‘‘मंग झोपला मना.’’

झोपलाच म्हणायचं. मलाही आज बरं वाटलं.

१९ जानेवारी

पोलिसांनी सगळ्या भागांची तपासणी मागितली. उद्या ढोलाचं झाकण तपासणार.

डबे आज पुसले नाहीत.

२० जानेवारी, शुक्रवार

लोकेशचा फोन. आज नाव नको म्हणाला नाही. झाकण सुटीच्या वेळी ढोलावर बसवतात, आत धूळ जाऊ नये म्हणून. त्याच्या आतल्या बाजूला चिकटलेल्या पावडरीत पंजे आहेत. एक नाही. एकावर एक, बोटं फाकलेली, दोन्ही हातांचे. करंगळी वाकडी.

झोपला नव्हता.

‘‘ताई, झाकण एकट्याला लागत नाही. दोघं लागतात.’’

उद्या सकाळी त्या दोघांना ठाण्यात पुन्हा बोलावलंय. ललितालाही. ती ठाण्याकडे निघायच्या आधी मला कामठ्याला पोचायला हवं.