माझ्या गाठींची वाटणी

मी, निवृत्त गुणसूत्र-तपासनीस, वय अडुसष्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. शरीर साथ देत नाही, डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. आधीचं मृत्युपत्र नाही, तेव्हा ते रद्द करण्याची भानगड नाही.

१. राहतं घर, तीन खोल्या, गळक्या नळासकट मुलाला. नळाचं दोन वर्षं सांगत होते, आता त्याचं तो बघेल. बँकेतली शिल्लक मुलीला.

२. कात्री आणि भिंग माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला, ज्यांना सारी प्रयोगशाळा 'मामा' म्हणते. तरुणपणी आम्ही पेशीच्या फोटोतली गुणसूत्रं कात्रीने कापून, जोड्या लावून चिकटवायचो. निरोगी पेशीत सेहेचाळीस. कॅन्सरच्या पेशीत कधी नव्वदच्या वर भरायची, काही तुटकी, काही भलत्यालाच जोडलेली. मामा म्हणायचे, "स्लाइड बिघडवलीस तू. टाक ती." मी म्हणायचे, बिघडली आहे ती पेशी. त्यावरून वर्षभर आमचा अबोला होता. आता सगळेच मानतात, की अख्खा संच दुप्पट झाला की पेशीला काही तुकडे गमावणंही परवडतं, आणि त्या गोंधळातूनच औषधाला दाद न देणारी एखादी निघते. भिंग मामांना मुद्दाम देत आहे.

३. माझ्या शरीरात तेच चाललं आहे. यकृतातली गाठ औषधाने आटली, फुफ्फुसातली वाढली. दोघी एकाच पेशीच्या लेकी, पण त्यांच्या वाटा कुठे फुटल्या हे एकाच ठिकाणचा तुकडा काढून कळत नाही. म्हणून मृत्यूनंतर लगेच, काही तासांच्या आत, प्रत्येक गाठीचा तुकडा घ्यावा. त्यासाठी प्रयोगशाळेला फोन जवळच्या माणसानेच करायचा असतो. मुलगी लांब राहते. उरला मुलगा.

तो म्हणतो, "आई, इतक्या सुया टोचून घेतल्यास. निदान नंतर तरी तुला कोणी हात लावू नये." त्याचं चुकतं असं मी लिहिणार नाही. मला त्याचं वाईटच वाटतं. पण वेळ गेली की या गाठी कुणालाच काही सांगणार नाहीत. वकीलबाईंनी घराला तशी अट घालायला सुचवलं होतं. मी घातलेली नाही. पोटच्या पोराला लाच द्यायची नाही. त्याने फोन केला नाही, तरी घर त्याचंच.

वरील मजकूर वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

स्थळ : राहतं घर, जेवणाचं टेबल
दिनांक : ११ मार्च
सही

साक्षीदार : १. मामा (कलम दोन वाचून हसले, मग सही केली)
२. शेजारच्या शिंपीणबाई

(खाली, मुलाच्या अक्षरात)
आई, वाचलं. फोन मी करीन. त्यांचं होईपर्यंत दाराबाहेर बसेन. मला आत बोलावू नका, एवढं त्यांना आत्ताच सांगून ठेव.