दोघांच्या नावावरचं काम

१४ ऑक्टोबर
जेवणाची सुट्टी, ऑफिस

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार लिहिला तर तू पोट धरून हसशील, म्हणून नुसताच नमस्कार. वहिनीलाही. कुरिअरचं पाकीट बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोन का नाही केला, ते पुढे येईलच. वहिनीची कंबर कशी आहे? माझं दोन खोल्यांचं साम्राज्य तसंच आहे, फक्त खिडकीला नवा पडदा लावलाय. रंग चुकलाय, पण दुकानदाराशी हुज्जत घालायला अंगात जोर नव्हता.

मी काय काम करते हे तू विचारतोस आणि मी सांगायला लागले की जांभया देतोस. आज कागदावर सांगते, जांभई दिलीस तरी मला दिसायची नाही. कोणतं काम कोणाचं आणि कुठवर आलंय, हे सांभाळणारं एक सॉफ्टवेअर आमच्याकडे बनतं. आजवर ते माणसं वापरायची. आता एआय एजंटही, म्हणजे माणसासारखी आपणहून कामं करणारे प्रोग्रामही, वापरणार, म्हणून त्यांच्यासाठी माहितीपुस्तिका लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. माणूस निम्मं वाचतो आणि उरलेलं शेजारच्याला विचारतो. ही मंडळी अक्षर न् अक्षर वाचतात आणि लिहिलंय तेवढंच करतात. लिहिणाऱ्याचा नुसता घाम निघतो!

मी त्यात मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, ‘महत्त्वाचं काम दोघांच्या नावावर टाकावं. दोघांनी एकमेकांच्या संमतीने पुढे जावं.’ काय चूक होतं सांग? सोमवारी आमच्या टेस्टिंगवालीने दोन एजंटांना एका गिऱ्हाइकाची तक्रार दिली. पहिल्याने लिहिलं, ‘आपली हरकत नसेल तर सुरू करतो.’ दुसरा म्हणाला, ‘हरकत नाही, पण निर्णय आपण घ्यावा.’ पहिला, ‘आपण म्हणाल तसं.’ दुसरा, ‘नाही, आपण म्हणाल तसं.’ संध्याकाळपर्यंत हेच! तक्रार आपली जागच्या जागी.

टेस्टिंगवाली म्हणाली, “अगं, हे काय दारात अडकलेले पाहुणे आहेत का? आधी तुम्ही, नाही आधी तुम्ही!” सगळं ऑफिस खदाखदा हसलं. मीही हसले, आणि मग एकदम मला आपले फोन आठवले.

आठवतंय ना? आईचं काय करायचं? तू म्हणशील तसं. नाही रे, तू म्हणशील तसं. मग तू हवापाणी विचारतोस, मी वहिनीची कंबर विचारते आणि आपण फोन ठेवतो. बाबा गेल्यापासून आपलं हेच चाललंय. तुला वाटतं, मी तिला नेतो म्हटलं तर बहिणीला वाटेल हक्क गाजवतो. मला वाटतं, मी नेते म्हटलं तर तुला वाटेल, बघा, माझ्या घरात तिचं नीट होणार नाही असं हिला वाटतं. किती समजूतदार आपण, नाही?

वर धडधाकट लिहिलं ते पूर्ण खरं नाही, दादा. रविवारी आईकडे गेले होते. ओट्याखाली, मागे सरकवून ठेवलेलं दुधाचं पातेलं सापडलं, जळून कोळसा झालेलं. मग वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात गाठलं आणि सांगितलं, की गेल्या आठवड्यात आई किल्ली आत ठेवून दार ओढून बसली. अख्खी दुपार पायरीवर. फोन हातात होता, रे!

परत आत जाऊन आईवर चिडलेच. म्हटलं, “अगं, आमच्यापैकी एकाला फोन करता येत नव्हता?”

ती म्हणाली, “कोणाला करू तेच ठरेना. तुला केला असता तर त्याला वाईट वाटलं असतं. त्याला केला असता तर तुला. म्हटलं, बसू थोडा वेळ.”

तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाहीये.

काल पुस्तिकेतलं ते पान खोडून नवं लिहिलं. कामावर नाव एकाचंच असावं, त्याने कोणाची वाट बघू नये, बाकीच्यांनी मदत करावी. दोन्ही एजंटांनी मुकाट्याने ऐकलं. तक्रार चहा व्हायच्या आत मिटली.

म्हणून सांगते, आई माझ्याकडे येतेय. शनिवारी. विचारत नाहीये, कळवतेय. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर मी पुन्हा विरघळले असते, म्हणून हा कागदाचा खटाटोप. काल संध्याकाळी जाऊन तिला सांगितलं तेव्हा आधी म्हणाली, “दादा काय म्हणेल?” मी म्हटलं, “त्याला मी कळवते.” त्यावर ती उठली, आणि शिवणयंत्रावरचं कापड काढून घडी घालायला लागली.

ते यंत्र माझ्याने एकटीने उचलणार नाही. शनिवारी सकाळी गाडी घेऊन ये. दर महिन्याला येऊन राहा, तिला फिरायला ने, माझ्या पडद्याला नावं ठेव. तुला वाईट वाटेल हे मला माहीत आहे. मलाही लिहिताना वाटतंय. पण वाटू दे, दोघांनाही. ती पायरीवर बसण्यापेक्षा ते बरं.

रागावलास तर ये आणि तोंडावर भांड. फक्त ‘तू म्हणशील तसं’ एवढं म्हणू नकोस. या वेळी माझं म्हणून झालंय.

तुझीच,
भिंगरी