धनेशाच्या पिंजऱ्याचं दार

तीर्थरूप आईस,
लेकीचा नमस्कार.

मी मजेत आहे. अक्षर वाकडं आलंय, कारण बोटाला धनेशाची चोच लागली. दोनच टाके पडलेत, उगाच डोळ्यांत पाणी आणू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत? बाबा गोळ्या वेळेवर घेतात ना?

ही धनेश मादी आमच्या पक्षी उपचार केंद्रात आली तेव्हा तिचा पंख मोडला होता. "हिला आता जन्मभर पिंजऱ्यातच ठेवावं लागेल," असं डॉक्टर म्हणाले. वर्षभर मी तिला हाताने भरवलं. गेल्या महिन्यापासून मात्र रानातला एक नर रोज सकाळी येतो आणि जाळीतून तिला फळं भरवतो. माझ्या ताटलीकडे ती आता ढुंकूनही बघत नाही. मी कोण लागून गेले!

काल मला राहवलं नाही. दार उघडून मी बाजूला झाले. वाटलं, ती बाहेर येईल. ती जागची हलली नाही, उलट तो नरच आत येऊन तिला खेटून बसला! हाकलायला गेले, तर ती माझ्यावरच धावली.

"दार लावा, मांजर शिरेल," डॉक्टर ओरडले. खरंच आहे ते. पण लावलं तर धडधाकट पक्षी कोंडला जाईल, आणि उघडं ठेवलं तर हिचा जीव जाईल. माझी तर मतीच गुंग झाली आहे.

सध्या दार उघडंच आहे, आणि दारात खुर्ची टाकून मी बसलेय. किती दिवस बसू, तूच सांग.

तुझी,
धाकटी