मोठं मिनिट

प्रिय भिंगरी,

अक्षर बघून दचकू नकोस, पत्र मीच लिहितोय. मी सांगतो आणि तुझी आई लिहिते असं ठरत होतं, पण ती मधे मधे स्वतःचं घुसडते, म्हणून नको म्हटलं.

मागच्या खेपेला तू नव्या संगणकात आपला तो जुना खेळ बसवून दिलास. नवं यंत्र जुन्याचं सोंग घेतं, असं समजावलं होतंस. सुरू केल्या केल्या आपला टोपीवाला असा सुसाट सुटला, की मी बोट हलवायच्या आत खड्ड्यात. मी तोंड फिरवून बसलो. हात थरथरायला लागल्यापासून मी सगळ्याकडेच तोंड फिरवत होतो म्हणा. दुकानातलं टेबल आवरलं, भिंग पेटीत टाकलं, शर्टाची बटणंसुद्धा आईच लावायची. तू संगणकापुढे बसलीस. जरा खुडबुड केलीस आणि म्हणालीस, बाबा, आता खेळून बघ.

खेळलो. रोज हरलो, मग हट्टाला पेटलो. आई म्हणते, म्हातारपणी चळ लागलाय. पण काल दुपारी डावाचं एक मिनिट संपायच्या आत टोपीवाला शेवटच्या दारातून आत गेला. मी असा ओरडलो की आई धावत आली आणि तिकडे दूध उतू गेलं.

मग सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. पुन्हा एक डाव खेळून ताडून पाहिलं. पडद्यावरचं मिनिट चांगलंच मोठं निघालं. अगं, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला मिनिटात फसवतेस?

राग नाही आला. हसू आलं आणि डोळेही भरले. आपल्या त्या जुन्या संगणकाच्या डब्यावर पुढे एक बटण होतं, ते दाबलं की सगळं संथ व्हायचं. तू एवढीशी, त्याच खड्ड्यात पडून भोकाड पसरायचीस. एकदा मी मागून वाकून गुपचूप ते दाबलं आणि तू पार झालीस. गल्लीभर सांगत सुटलीस. मी कधी बोललो नाही. तुला तेव्हा कळलं होतं का, तेही विचारत नाही.

आज सकाळी शर्टाची बटणं मी लावली. एक चुकलं, पण लावली. उपकार मानले तर चिडशील, तरी मानतो. पत्र मात्र वेगळ्याच कामासाठी आहे. डॉक्टर म्हणतात, हा हात हळूहळू आणखी मंदावणार. तेव्हा दर खेपेला आलीस की ते मिनिट थोडं मोठं करत जा. मला सांगू नकोस. मी घड्याळाकडे बघणार नाही.

तुझाच,
जिंकलेला बाबा